बिलोलीच्या बाईंची सोडचिठ्ठी

ती घटना आठवली की आजही आधी माझं डोकं चक्रावतं आणि मग हसू येतं. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहिलं. पण विचारपूस करत जावं तसतसं कमी कळत जावं, असं प्रकरण साऱ्या नोकरीत हे एकच. कुणी आरोपी निघाला नाही, गुन्हा दाखल झाला नाही. तरीही एका बाईची भाकरी त्यात जाता जाता राहिली, म्हणून सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा लातूरला एका ठाण्याचा प्रभारी होतो, नुकताच बदलून आलेला. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार म्हणून एक जुने हवालदार बसले होते. नवरा-बायकोची भांडणं मिटवण्यात त्यांचा हातखंडा, त्यामुळे जगातलं प्रत्येक भांडण त्यांना नवरा-बायकोचंच वाटायचं. ते कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

"साहेब, बिलोलीकडून फोन होता. तिकडची एक बाई आपल्या इथल्या एका माणसानं पळवून आणलीय. सोडचिठ्ठी झालेली न्हाई. तिकडं लेकरं रडून राहिलीत."

"फोन कुणाचा? नवऱ्याचा?"

"नाव सांगितलं न्हाई. पण 'आमची बाई, आमची बाई' करून राहिला होता. म्हणजे नवराच की!"

बाईचं नाव, ती राहते ती गल्ली आणि पळवून आणणाऱ्याचं नाव, एवढं मात्र फोनवाल्यानं नीट दिलं होतं. सज्ञान बाई आपल्या मर्जीनं कुठं गेली तर पोलिसांनी त्यात नाक खुपसायचं कारण नाही. पण 'पळवून नेली' म्हटल्यावर खातरजमा करावी लागते. शिवाय लेकरं रडतायत म्हटल्यावर कुणाचाही जीव कालवतो. बाईंना घेऊन यायला मी महिला हवालदारांना गाडी देऊन पाठवलं आणि त्या माणसालाही निरोप धाडला.

तो माणूस आला आणि मी चाटच पडलो. मार्केट यार्डात करडई-सोयाबीनची आडत असलेले साठीचे गृहस्थ. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलता बोलता "शिवा शिवा" म्हणायची सवय. सारं गाव त्यांना अप्पा म्हणतं. या वयात, या माणसानं, असलं काही? पण माणूस चेहऱ्यावरून ओळखता आला असता तर पोलीस खात्याची गरजच काय होती!

"अप्पा, बिलोलीकडची बाई तुमच्याकडं आहे?" मी सरळच विचारलं.

"हाव साहेब, हाय की." चेहऱ्यावर लाज नाही, भीती नाही. "लई गुणाची बाई हाय."

"तिची सोडचिठ्ठी झालीय का?"

"तिथंच तर घोडं अडलंय! तो तिकडचा माणूस देईना झालाय. बाईनं हातापाया पडून झालं. मी म्हणलं, न्हाई देत तर न देवो, मी तशीच ठेवून घेतो. पुढचं पुढं बघू."

माझं रक्त तापायला लागलं. "घरात कुणाला विचारलंत का?"

"विचारल्याबगर कसं? बायकोलाच आधी विचारलं. तीच म्हणली, अशी बाई हातची घालवू नका."

कोपऱ्यात जबाब लिहायला बसलेल्या शिपायाचा पेन थांबला. ठाणे अंमलदार दारात येऊन उभे राहिले.

"आता ती आहे कुठं?"

"तिसरीला दिलीय साहेब."

"तिसरी?" मी खुर्चीतून पुढं सरकलो. "म्हणजे आधी दोन आहेत?"

"हायत ना. पहिलीची बाळंतपणाला माहेरी गेलीय. दुसरीची जरा कडक हाय. तिच्या नुसत्या आवाजानं लेकरं चळाचळा कापत्यात."

"शाबास अप्पा! मग चौथीचं काय ठरवलंय?" मी टेबलावर हात आपटला.

अप्पांनी खेदानं मान हलवली. "चौथीची जागा रिकामीच हाय, साहेब. तुमच्या बघण्यात कुणी असली तर सांगा. जातीपातीचं आपल्याकडं काही न्हाई."

चाळीस प्रकारचे बेरकी गुन्हेगार मी पाहिले असतील, पण पोलीस ठाण्यात बसून इन्स्पेक्टरलाच चौथीचं स्थळ विचारणारा हा पहिलाच. हा माणूस मुरलेला आहे, वेडा आहे की माझी टर उडवतोय? ठाणे अंमलदार माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "साहेब, वरिष्ठांना कळवावं का?"

तेवढ्यात महिला हवालदार बाईंना घेऊन आल्या. तिशीतल्या असतील. साधी सुती साडी, चेहरा रडून लाल झालेला, आणि ताठ मान. सोबत त्यांचे वडील होते, हिमायतनगरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी आत येताच "जयभीम साहेब" म्हटलं. मीही जयभीम केला आणि दोघांना बसायला सांगितलं. वडील बसले. बाई उभ्याच राहिल्या.

"ताई, घाबरू नका. तुम्हाला इथं कुणी जबरदस्तीनं आणलंय का?"

"हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीनं."

शिपाई खाली मान घालून खोकला. मी विषय बदलला. "सोडचिठ्ठीचं काय आहे ते सांगा."

त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. महिला हवालदारांनी निघतानाच सोडचिठ्ठीचे कागद सोबत घ्यायला सांगितलं होतं म्हणे. मी वाचू लागलो. नांदेडच्या न्यायालयाचा हुकूम. परस्पर संमतीनं घटस्फोट, मुलीचा ताबा आईकडं, शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथं. म्हणजे बाई तर कायद्यानं मोकळ्या! मग फोन करणारा कोण? आणि अप्पा कुठल्या सोडचिठ्ठीसाठी झुरतायत?

"अप्पा, ही बघा सोडचिठ्ठी. तुम्ही तर म्हणालात झाली नाही!"

अप्पांनी चष्मा लावून कागद लांब धरला, जवळ धरला. "शिवा शिवा! ही ती न्हवं साहेब. ही घेऊन मी काय करू?"

"अहो, एका बाईला सोडचिठ्ठ्या असतात तरी किती?" माझा आवाज चढला.

"मला दोन लागतात साहेब," बाई म्हणाल्या. "एक नवऱ्याकडून, ती मिळाली. दुसरी शाळेकडून. नवऱ्यानं सोडलं, शाळा सोडंना!"

मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. रडणारी लेकरं म्हणजे वर्गातली. तिसरी म्हणजे इयत्ता तिसरी. आणि सोडचिठ्ठी म्हणजे नोकरीतून कार्यमुक्त केल्याचं पत्र, ज्याला शाळांमधून सगळे गमतीनं सोडचिठ्ठीच म्हणतात. अप्पा आडतीबरोबर एक प्राथमिक शाळाही चालवतात, हे मी गावात नवा असल्यानं मला ठाऊक नव्हतं. ठाणे अंमलदारांना ठाऊक होतं. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

आधी शिपाई हसला, मग मी, मग अप्पाही. अप्पांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून ते हसले. बाई मात्र हसल्या नाहीत.

"तुम्हाला हसू येतंय साहेब," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "एकटी बाई म्हणून खोली मिळंना झाली होती. कशीबशी मिळाली. आज दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. घरमालकीण खिडकीतून बघत होती. माझी पोरगी विचारती, आई तू काय केलंस? नियमानं राजीनामा दिला, महिनाभर आधी सांगितलं, वर्ग नव्या बाईंच्या हाती देऊन आले. आणखी काय करायचं होतं मी?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. बाकीचं वडिलांनी सांगितलं. बिलोलीकडची शाळा कार्यमुक्तीचं पत्र देत नव्हती आणि अनुभवाचा दाखलाही देत नव्हती. अप्पांची शाळा ज्या संस्थेची, तिथले बाकीचे सभासद त्यावाचून नेमणूक द्यायला तयार नव्हते. पत्राशिवाय आलेली बाई म्हणजे काहीतरी भानगड करून आलेली असणार, हा त्यांचा संशय. अप्पांनी आपल्या जबाबदारीवर त्यांना वर्गावर उभं केलं होतं, तेवढंच. आणि आता पोलीस!

अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "साहेब, खरं सांगू का, आता माझीबी पंचाईत झाली. सभासद म्हणतील, बघा, आम्ही म्हणलो न्हवतो? बाई, तुम्हीच थोडं थांबता का घरी?"

बाईंच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

शाळेनं पत्र द्यावं असा हुकूम मी काढू शकत नव्हतो. ते आमच्या खात्याचं काम नाही, त्यासाठी शिक्षण खातं आहे, कोर्ट आहे. पण पोलिसांना खोटी खबर का दिली, एवढं विचारायचा अधिकार मला नक्कीच होता. आलेल्या नंबरावर मी फोन लावला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून सांगितलं, "सगळे ऐकतायत, नीट बोला." फोन त्या शाळेच्या संस्थाचालकांनीच उचलला.

"बाईंना पळवून नेलं म्हणजे काय हो?"

"न्हेलीच की साहेब! आमच्या शाळेतून तुमच्या लातूरच्या शाळेनं न्हेली."

"काही घेऊन गेल्या का त्या? काही लबाडी?"

"छे छे! खडूचा तुकडा घरी न्हेणार न्हाई ती बाई."

"मग कामात कुचराई?"

"काय बोलून राहिलात साहेब!" ते गृहस्थ उसळले. "आमच्याकडं अर्धी लेकरं घरात तेलुगू बोलत्यात. ती लेकरं या बाईनं घडाघडा मराठी वाचायला लावली. पाऊस असो, काही असो, बाई वर्गावर हजर. आता पालक माझ्या दारात उभे, बाई कुठं म्हणून. अशी बाई साऱ्या जिल्ह्यात न्हाई, म्हणून तर सोडत न्हाई मी!"

"हे लिहून देता का?"

"लिहून? बिलकुल न्हाई!"

पुन्हा खोटी खबर दिलीत तर काय होईल, हे त्यांना माझ्या पद्धतीनं समजावलं आणि फोन ठेवला. अप्पा हळूहळू सरळ बसले.

"शिवा शिवा," ते म्हणाले, "साहेब, अनुभवाचा दाखला मिळाला की! दुष्मनाच्या तोंडून मिळाला. सभासदांना मी सांगतो. कुणाला लई शंका असली तर त्यांनी तुम्हाला येऊन विचारावं. बाई, उद्या या, नेमणुकीचा कागद सहीनिशी तयार ठेवतो."

मी म्हणालो, सभासदांना खुशाल माझ्याकडं पाठवा. महिला हवालदारांना साध्या साडीत बाईंच्या खोलीवर पाठवलं. त्या घरमालकिणीकडं चहा पिऊन, पोलीस शाळेच्या कामासाठी आले होते, असं सांगून आल्या. स्टेशन डायरीत नोंद केली: खातरजमा केली, तथ्य आढळले नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? त्यानंतर निवृत्तीपर्यंत कुणीही 'आमची' म्हणालं की मी आधी विचारायचो, आमची म्हणजे तुमची कोण? माणूस चांगलं काम करतो म्हणून त्याला अडकवून ठेवणारे मी पुढं बरेच पाहिले, आणि सगळ्यांच्या तोंडी तो एकच शब्द असायचा. त्यात माया असते, नाही असं नाही. पण त्या मायेनं त्या दिवशी एक बाई रस्त्यावर आली असती.

त्या सकाळी ठाण्यातून निघताना बाई दारात थांबल्या होत्या.

"अप्पा, माझी एक अट आहे. उद्या नेमणुकीच्या कागदातच लिहा, मी राजीनामा दिला की महिन्याभरात मला कार्यमुक्तीचं पत्र मिळंल. ते असलं तरच रुजू होते."

अप्पा गोंधळून कधी बाईंकडं, कधी माझ्याकडं बघू लागले. "साहेब, अजून बाई नांदायला आल्या न्हाईत, अन् आधीच सोडचिठ्ठी मागायल्यात! हे कायद्यात बसतं का?"

"कायद्यात बसतं, अप्पा," मी म्हणालो. "तुमच्या मनात बसतंय का, तेवढं बघा."

अप्पांनी चष्मा पुन्हा लावला. मग शिपायाकडून कोरा कागद मागून घेतला आणि माझ्याच टेबलावर लिहायला बसले. तेव्हा कुठं बाई खुर्ची ओढून बसल्या.