दाराचं लुगडं

घर सजवणं हा रिकाम्या माणसांचा चाळा, असं मी जन्मभर म्हणत आलो. मी शिकलेला नाही. अक्षर ओळखतो, जोडाक्षराला अडखळतो. तरी हे लिहून ठेवतोय, कारण बोलायला गेलो की घरातले उठून जातात.

आमचं जुनं गाव वर खोऱ्यात होतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तसे आम्ही खाली भरे नावाच्या गावात आलो. निघताना मी म्हटलं, दाणे घ्या, औतं घ्या, बाकी राहू द्या. बायकोनं ऐकलं नाही. दाराच्या चौकटीवरची कोरीव गणेशपट्टी तिनं पहारीनं उचकटून काढली. सासूची उंच समई घेतली. ती समई बुडाला चेपलेली, कायम एका अंगाला कललेली. लेकाच्या पाळण्यावर टांगलेले दोन लाकडी राघू घेतले. त्यांचा रंग कधीच उडाला होता, लेकाला मिसरूड फुटलं होतं.

मी गाडी जुंपत होतो. म्हटलं, "लाकडं कशाला वाहतीस? तितं जळान मिळत न्हाई व्हय?"

ती म्हणाली, "जळायला तुमी हायसा की."

नवं घर म्हणजे चार मातीच्या भिंती. पट्टी नव्या चौकटीवर बसेना, चौकटच आखूड. मग तिनं ती मांडणीवर पितळेच्या भांड्यांच्या मागं उभी केली. पौडच्या बाजारातून कागदी फुलं डकवलेला आरसा आणला, त्याच्या समोर राघू टांगले. म्हणजे दोनाचे चार दिसायचे. बिस्किटाचा पत्र्याचा डबा कुठूनसा मिळवला, त्यावर छत्रीवाल्या मडमेचं चित्र. औषधाची निळी बाटली धुऊन तिच्यात मोराचं पीस खोवलं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, तिला दोन्ही सारखंच. उठता बसता एखादी वस्तू बोटभर इकडं, बोटभर तिकडं सरकवायची, लांब जाऊन बघायची, परत सरकवायची. मला राग यायचा. भाकरी करपायची.

पडद्याचं तिनं धरणाच्या कामावर बघितलं. पाट्या वाहायला जायची, तिथं साहेबाच्या बंगल्याच्या दाराला कापड सोडलेलं होतं. घरी येऊन म्हणाली, "साहेबाच्या दाराला लुगडं नेसवलंय." आणि पेटीतलं तिचं ओटीभरणाचं हिरवं लुगडं काढलं. लेक पोटात होता तेव्हा माहेराहून आलेलं. दोन ठिकाणी विरलेलं होतं. हिरवा दोरा नव्हता, पांढऱ्यानंच रफू केलं. आतल्या दाराला काठी बांधून ते सोडलं. शेजारीण म्हणाली, "दाराला नेसवलंस, आता त्याला कुंकू लाव." तर हिनं खरंच चौकटीला कुंकवाचं बोट लावलं.

दुसऱ्या पावसाळ्यात हिवताप आला आणि ती गेली. त्याचं काही सांगत नाही. त्या पडद्याआड गेली एवढंच.

तिच्या मागं मी घरातली एक वस्तू हलू दिली नाही. लेकाचं लगीन नुकतंच झालेलं, सून नवी होती, बिचारी भांडं घासलं की होतं त्याच जागी ठेवायची. मी बघत बसायचो. वारं आलं की लुगडं हलायचं, आणि आत कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. मी खुळा नाही, मला माहीत होतं वारं आहे. तरी तेवढ्यासाठी मी घराबाहेर फार जात नव्हतो.

एकदा भावकीतल्या मयताला मला कासार आंबोलीला जावं लागलं. परत आलो तर आतलं दार उघडं बोडकं. आतली चूल सरळ दिसत होती. मांडणीच्या मधोमध, पितळेच्या भांड्यांत, निळ्या फुलांची चिनी मातीची बरणी. सून पदर सावरून उभी. मी बरणीला चांगलं म्हणेन असं तिला वाटलं असावं.

"लुगडं कुटं हाय?"

"बोहारीण आली हुती, मामंजी. तिला दिलं. तिनं बरणी दिली."

"कुणाला इचारलंस?"

 ती खाली बघत म्हणाली, "आळीतल्या बाया म्हनत्यात, मेलेल्या बाईचं लुगडं दारात लोंबत ठिवलं की तिचा जीव उंबऱ्यात अडकतुया. आत येईना, बाहीर जाईना. मला वाटलं, आत्याबाई सुटतील."

 तिनं वाईट केलं नव्हतं. मला तर बायको अडकलेलीच हवी होती.

बोहारीण पौडच्या बाजाराला बसते हे सगळ्यांना माहीत. बाजाराच्या दिवशी बरणी धोतराच्या फडक्यात बांधली आणि चालत गेलो. भांड्यांच्या पाट्या समोर मांडून ती पान खात बसली होती.

"काय आजोबा, बरणी फुटकी निगाली?"

"बरणी धड हाय. माजं लुगडं दे. हिरवं."

"लुगडं?" ती हसली. "आजोबा, नेसनार कोन तुमी?"

मी हसलो नाही. तेव्हा तिनं पान थुंकलं आणि नीट बोलली. "काठ कापून इकला. चोळीला लावत्यात बाया. मधलं विरलेलं हुतं, त्याच्या चिंध्या केल्या. मोटारवालं घेत्यात, यंतर पुसाया. गाठुडं ह्येच बघा, अजून जायाचं हाय."

ते गाठोडं मी सोडलं. कुणाकुणाची लुगडी, धोतरं, लहान पोरांची अंगडी, सगळं वीतभर तुकड्यांत. हिरवे तुकडे पुष्कळ. माणसं बाजार करत माझ्या अंगावरून जात होती. मी पांढरं रफू शोधत होतो. एका तुकड्यावर पांढरा दोरा होता, पण टाके लांब लांब पडलेले. तिचे टाके बारीक असायचे. नाहीतर कडेला घाईत लांब पडले असतील. मी तो हातात धरून बराच वेळ बसलो.

"न्या तो," बोहारीण म्हणाली. "बरणीबी न्या. तिला कोन घेतंय परत."

घरी आलो. सुनेच्या हातात तुकडा दिला. म्हटलं, "बघ गं, हा तिचाच का?"

तिनं नीट बघितलंसुद्धा नाही. "ह्योच, मामंजी. ह्योच," म्हणाली. इतक्या लगबगीनं म्हणाली की मला कळलं, ती माझं मन राखतेय.

संध्याकाळी लेक आला. तो पौड रस्त्यावर मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली असतो. हात काळे. पडवीत टेकला, समोर तुकडा पडला होता तो उचलला आणि बोटं पुसायला लागला.

"ह्यो हितं कसा आला?" म्हणाला. "असल्या चिंध्या तर आमच्याकडं गाठुड्यानं येत्यात."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. लेकाला काय सांगायचं? त्याच्या वेळच्या ओटीभरणाच्या लुगड्यानं उद्या तो काय काय पुसत बसेल, ते त्याला कळून काय होणार? त्यानं बोटं पुसली, तुकडा उघड्या दारातून आत चुलीपुढं फेकला, सुनेनं तो तसाच जाळात सारला. मी पेटताना बघितला. कुणाचा होता, अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "घर तुजं हाय. तुला वाटंल तसं मांड."

ती म्हणाली, "तुमी रागावलायसा."

"न्हाई," मी म्हटलं. राग नव्हताच.

आता मी पडवीत निजतो, भिंतीकडं तोंड करून. आत भांडी सरकवल्याचा आवाज येतो. सून काहीतरी उचलते, ठेवते, थांबते, परत उचलते. तिलाही तो नाद लागलाय. काय कुठं ठेवलं ते बघायला मी आत जात नाही. जेवणाचं ताट ती बाहेर आणून देते.