मावसोबा आणि पंख्याचा रकाना

आमच्या मावसोबांइतका छापील क्रमांकावर रागावणारा माणूस गुलबर्गा आणि बिदर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल. मावशीचे हे यजमान निंबर्ग्याला शाळेत गुरुजी होते. प्रगतिपुस्तकात क्रमांकाच्या रकान्यात ते आकडा लिहीतच नसत. ‘वस्तीवरून तीन मैल चालत येतो’, ‘भावंडांना जेवू घालून येते’, असलं काहीतरी लिहीत. एका बड्या शेतकऱ्यानं पुस्तक पुढ्यात आपटून विचारलं, “गुरुजी, माझं पोरगं पयलं हाय का न्हाई?” मावसोबा शांतपणे म्हणाले, “हाय की. पर त्येला घरी शिकवायला माणूस येतंय, ते कुठल्या रकान्यात लिहू?” त्या वर्षी त्यांची मादन हिप्परग्याला बदली झाली. सामान बांधताना मावशी एका शब्दानं बोलली नाही, म्हणून तिला मात्र त्यांनी पहिला नंबर दिला. जन्मात दिलेला तेवढा एकच.

निवृत्तीनंतर हा राग हॉटेलातल्या पेपरावर निघू लागला. देशाचा कुठल्याही यादीतला नंबर दिसला की लाल पेनानं शेजारी लिहायचं, ‘कुणी विचारलं? कुणाला?’ हॉटेलवाले अण्णा शेवटी पेपर चहापत्तीच्या डब्यामागं लपवू लागले.

तालुक्याच्या आळंदहून पुण्याला बांधकामावर जाणाऱ्या मजुरांच्या गाड्या भरून सुटू लागल्या होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. विषमता कमी करायला कुठला देश किती झटतो, याची जगाची यादी पेपरात आली होती. आपण बरेच खाली होतो. अण्णांनी आपण होऊन पेपर मावसोबांपुढं ठेवला; मी शेजारीच बसलो होतो. “परदेशात बसून आपलं गाव त्येन्ला काय कळायलंय, गुरुजी? यादीच खोटी.”

मावसोबांनी पेन काढलं नाही. “खोटी असंल. पर आपल्याला खालीच ढकलणारी खोटी हाय, असं कामून धरायलास? वर चढवणारी बी असंल. त्येंच्याकडं जाणारा आकडा शेवटी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचा असतोय.”

मग आम्हाला कधी न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. नोकरीत असताना गरिबांची यादी करायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आक्काच्या घरात सुनेच्या माहेरचा पंखा टांगलेला होता. कागद विचारत होता, पंखा आहे का? आक्का म्हणाली, “हाय गुरुजी, पर घरात लाईटच न्हाई.” लाईटचा रकाना नव्हता. त्यांनी ‘आहे’ लिहिलं आणि आक्काचं नाव यादीतून गेलं, रेशनचं स्वस्त धान्यही गेलं.

“खोटं एक अक्षर लिहिलं न्हाई म्या,” मावसोबा म्हणाले, “आन् खरं बी लिहिलं न्हाई.”

पुढं दोन वर्षं ते दर सोमवारी कचेरीत अर्ज घेऊन जात. साहेब बदलले, मावसोबांचा अर्ज तोच. अखेर आक्काचं नाव लागलं. त्या दिवशी धोतर सावरत ते वस्तीकडं जवळजवळ पळाले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “मुलगा-सून पुण्याला गेले, गुरुजी. आक्काबी गेली विटा उचलायला.”

त्यांची माझी शेवटची भेट आळंदच्या स्टँडवर झाली. पुण्याची गाडी लागली होती, बायका बोचकी वर चढवत होत्या. मावसोबा पाठीमागं हात बांधून बघत उभे होते. त्यांनी मला विचारलं, “इथनं गेलेली मान्सं कुठल्या गावात मोजतेत रे?”

गाडी सुटली. आम्ही दोघं धुरळा खाली बसेपर्यंत तिथंच उभे राहिलो.