चीफकाकाचा व्हिस्की सॉस

दारूच्या थेंबाला न शिवणारा आणि तरी मालवणातल्या वाइन शॉपात व्हिस्कीवरून तासभर हुज्जत घालणारा माणूस मी एकच पाहिला, आमचा चीफकाका. "धुराचो वास असलेली दी रे," असं तो दुकानदाराला सांगायचा आणि वर रांगेतल्या प्रत्येकाला खुलासा, "माका नको, टोपाक होयी!" कोणाचाही विश्वास बसायचा नाही.

जन्मभर बोटीवर चीफ कुक, म्हणून चीफकाका. निवृत्त होऊन गावी आला तो बार्बेक्यू सॉस शिकूनच. टोमॅटो, कांदा, लसूण आणि गूळ मंद आचेवर आटवत बसायचा. तिकडच्या व्हिनेगरला त्याने केव्हाच रजा दिली होती. त्याच्या जागी कोकमाचं आंबट आगळ, आणि वरून आपला मालवणी मसाला. शेवटी व्हिस्की. "आधी टोप उतर, मगे ओत. नायतर मिशी जातली," असं बजावायचा. त्याला स्वतःला मिशी नव्हती. का नव्हती, हे विचारायची सोय नव्हती.

अख्ख्या वाडीने तो सॉस बोटं चाटून खाल्ला. माझ्या बाबांनी मात्र नाही. बाबा काकाचे थोरले भाऊ. धाकट्याने आंब्याची बाग सोडून बोटीवर रांदपी व्हावं, याचा त्यांना असा राग की काकाच्या हातचा घास त्यांनी कधी तोंडात घातला नाही. सॉस बघून म्हणायचे, "ह्या डांबर रस्त्यार घाल." काका हसायचा. पण एकदा मला म्हणाला, "जगभरच्या लोकांका जेवण घातलंय रे. दादान एक घास खाल्ल्यान तर मी भरून पावलंय." मला फार वाईट वाटलं.

आमच्या बागेत दरवर्षी राखण असते, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा आणि दारूची बाटली देतात. बाबा गाऱ्हाणं घालतात आणि मग सगळे तिथेच प्रसाद जेवतात. त्या वर्षी बाबा बघतात तर बाटली रिकामी!

"चुकान सॉसात गेली रे दादा," काका म्हणाला.

चुकून म्हणे! ओतण्याआधी बाटली दहादा निरखणारा माणूस! त्यात नेमका ड्राय डे. बाबा असे काही तडकले की शेजारच्या बागेतली माणसं धावत आली. पण देवाला तिष्ठत ठेवता येईना. शेवटी त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझी बाटली ह्या येड्यान सॉसात ओतल्यान. तोच सॉस कोंबड्याक लावन तुका देतंव. गोड मानून घे आणि लेकराबाळांची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज काकाचा.

काकाने करवंट्यांच्या निखाऱ्यांवर सॉस लावत लावत कोंबडा भाजला. देवाचं पान ठेवलं, मग आमची पानं वाढली. देवाचा प्रसाद म्हटल्यावर बाबा नाही कसे म्हणणार? त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. काका झारा धरून नुसता उभा. बाबांनी हाड चोखून चोखून पांढरं केलं आणि पान पुढे सरकवलं.

"उरला आसात तर घाल."

काकाने टोपच आणून समोर ठेवला. पुढे घरात सॉस झाला की पहिलं पान बाबांचं असायचं.

काका गेल्या पावसाळ्यात गेला. यंदा राखणीला सॉस मी केला. बाबांनी चाखला, "बरो झालो," म्हणाले. मग जेवता जेवता मध्येच थांबले.

"इतकी वर्सां तो रांधी होतो," ते म्हणाले, "आणि मी उपाशी रवलंय रे."