मगदूम बाई, दुसरा भाग आणि पाचवा

आमच्या वारणानगरच्या शाळेत त्रिशला मगदूम बाई भूगोल शिकवतात आणि मी इंग्रजी. कॉलनीत आमची घरंही भिंतीला भिंत लागून. पलीकडून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की बाईंचे पेपर तपासून झाले, हे मला कळतं. बाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत आणि 'हायकीप' नावाचा कॉम्प्युटर गेम त्या चोवीस वर्षं खेळतायत.

त्यांचे वडील बापूसो यांचा कोडोलीत कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या एका मशीनवर कुणीतरी हायकीपचा दुसरा भाग टाकून ठेवला होता. गढी बांधायची, शेतं लावायची, धान्य साठवायचं, सैन्य उभं करायचं आणि शेजारचा राजा चालून आला की त्याला पुरून उरायचं, असा तो खेळ. एकदा बाई तो खेळत असताना बापूसो मागे येऊन उभे राहिले आणि पोरीला रागावायचं सोडून त्यांनी विचारलं, की या राजाकडं गोदामं किती आहेत. त्या प्रश्नानंतर मी खेळायला शिकले, असं बाई सांगतात.

पुढं तिसरा, चौथा, पाचवा भाग आला. बाईंनी ते थोडे थोडे चाखले आणि सोडून दिले. नुसतं चकचकीत झालंय, खेळ राहिला नाही, हे त्यांचं ठरलेलं मत. कोल्हापुरात राजारामपुरीत गेमिंग कॅफे चालवणारा आदर्श हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्याचं मत बरोबर उलटं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात दोघांची गाठ पडली आणि जेवणाच्या पंगतीतच वाद पेटला.

"बाई, तुमचा दुसरा भाग आता म्युझियममध्ये ठेवायचा हाय," आदर्श म्हणाला.

"तू खेळलायस का तो?"

"न्हाय."

"मीही पाचवा शेवटपर्यंत खेळलेले नाही. म्हणजे आपण दोघंही न बघताच भांडतोय."

बाईंनी विषय तिथंच सोडला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. एकावर दुसरा भाग, एकावर पाचवा. दोन्हीकडं नदीकाठची सारखीच जागा, सारखंच धान्य, सारखेच सैनिक. एक ऋतू इकडं खेळायचा, तोच ऋतू तिकडं, आणि काय झालं ते वहीत लिहायचं. मला वाटलं, पाचव्या भागाची लक्तरं वेशीवर टांगायची ही तयारी आहे. बाईंनाही तसंच वाटत होतं.

पण पाचव्या भागात बाई हरल्या. एकदा नव्हे, ओळीनं सात वेळा. जुन्या सवयीनं त्या गावोगावचं धान्य सैन्यासाठी उचलत आणि दुसऱ्या वर्षी गावं शेतं टाकून निघून जात. जुन्या भागात रयत म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा. नव्यात प्रत्येक गावाला नाव होतं, आणि आपलं काय काय नेलं हे ते गाव विसरत नव्हतं. सातव्या हारीनंतर बाई माझ्याकडं चहाला आल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "वीस वर्षं मी माणसांना आकडा समजून खेळत आले. आणि वर त्याचाच तोरा मिरवला."

जून लागल्यावर एका रविवारी आदर्शनं कॅफेत तीसेक खेळाडू जमवले. मीही गेले होते. भिंतीवर दोन्ही भाग दाखवत बाईंनी सगळ्यांसमोर आधी आपली चूक कबूल केली. नवा भाग कुठं आणि का सरस आहे, हे एकेक हार दाखवून सांगितलं. आदर्शला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं टाळी वाजवायला हात उचलले, तसं बाईंनी त्याला थांबवलं आणि पाचव्या भागातली नदी दाखवली. दिसायला सुंदर, पाण्यात ढगसुद्धा दिसतात. पण भर पावसाळ्यात शत्रूचं अख्खं सैन्य तिच्यातून चालत पलीकडं येत होतं. जुन्या भागात ओबडधोबड निळा पट्टा, पण पाऊस लागला की तो फुगायचा, पूल जायचा आणि दोन्ही राजे आपापल्या काठावर अडकून पडायचे.

"पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं की शिरोलीला दोन्हीकडच्या गाड्या कशा अडकून पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको," बाई म्हणाल्या. "इथं नदीचं नुसतं चित्र उरलंय."

आदर्श म्हणाला, "व्हय की. ह्ये मी बघितलंच न्हवतं."

त्यानंच हट्ट धरला, की हे कंपनीला कळवायचं. बाईंच्या वहीची एकतीस पानं मी इंग्रजीत केली आणि आदर्शनं ती पाठवली. महिन्याभरानं एका डिझायनरचं उत्तर आलं. डोंगरात पाऊस पडल्यावर खाली पाणी चढायला किती वेळ लागतो, लोक आधी काय हलवतात, असे नऊ प्रश्न. बाईंनी वर डोंगरातल्या राधानगरीचा पाऊस आणि कोल्हापुरात चढणारं पाणी यांची वर्षानुवर्षं वर्गात फळ्यावर मांडलेली टिपणं काढली. लोक आधी जनावरं हलवतात, मग धान्य, हेही लिहिलं.

पुढच्या वर्षी पाचव्या भागात सुधारणा आली. आता वर डोंगरात पाऊस झाला की दोन दिवसांनी खाली नदी चढते, आणि गावं स्वतःहून जनावरं घेऊन उंचावर निघतात. खाली आभाराच्या यादीत त्रिशला मगदूम, कोल्हापूर. आदर्शनं कॅफेच्या मोठ्या पडद्यावर ते नाव लावलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगितलं, की ह्या आमच्या बाई. शाळेत मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी बाईंना पुढं बोलावलं. ज्यांना हा खेळ म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, त्या आमच्या शिपाई चिमणाबाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

बाई त्या दिवशी साध्याच राहिल्या, पण मान ताठ होती. संध्याकाळी नवी नदी खेळून बघितल्यावर त्या मला हाक मारून म्हणाल्या, "पाणी चढतं छान. उतरतं मात्र फार भरकन. पूर ओसरायला असे दोन दिवस पुरतात होय?"

मी कंपनीला पाठवायच्या पुढच्या पत्राचं भाषांतर करायला घेतलंय.