साळूबाई नाव घेते

साळूबाईला साळूबाई म्हणणारं त्या गावात कुणी नव्हतं. माहेरी, सांगलीजवळ विश्रामबागेच्या पलीकडच्या मळ्यात, ती साळू होती. लग्न करून उंब्रजच्या पुढच्या या कृष्णाकाठच्या गावात आली आणि नाव मळ्यातच राहिलं. इथं ती आधी धाकली सून झाली, मग हंबीररावांची मंडळी झाली. पुढं नवऱ्याला पलटणीत बढती मिळाली तेव्हा तिलाही न मागता मिळाली आणि ती हवालदारीण झाली.

हंबीरराव सेहेचाळीस साली लामावरनं, म्हणजे महायुद्धावरनं, परत आले. मिसर देशात त्यांनी मोठा पराक्रम केला होता, असं त्यांचंच म्हणणं होतं. खरं तर ते रसदखात्यात होते. दुश्मनाचं तोंड त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, बटाट्याचं मात्र रोज पाहिलं होतं. येताना त्यांनी पितळी बकलाचा एक चामडी पट्टा आणला आणि सोप्यातल्या खुंटीवर लटकवला. रोज सकाळी ते त्याला तेल लावत, बकल राखेनं घासत. पट्ट्याची एवढी निगा राखणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. भाकरी करपली, गाय आटली, इस्लामपूरची बहीण रुसून गेली, कशाचंही निमित्त चाले. पट्टा खुंटीवरून उतरे आणि काम झालं की पुन्हा पुसून जागेवर जाई. साळूबाई पाठीला हळद लावून चुलीपुढं बसे. गावाला सगळं ऐकू जायचं. पण गाव सभ्य होतं. पट्ट्याचा आवाज आला की शेजारीपाजारी जरा मोठ्यानं बोलायला लागत.

या बाईला एक कला होती. ती उखाणे रचायची.

बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं नाही. घराला आग लागली तरी "आवं" अशीच हाक मारायची. पण लग्नात, बारशाला, ओटीभरणाला हेच नाव घेतल्याशिवाय तिला सोडत नाहीत, आणि तेही यमकात बांधून. आता नाव नवऱ्याचं असलं तरी पुढच्यामागच्या ओळी बाईच्या असतात. त्या ओळींत साळूबाई सुखानं नांदायची. बाकीच्या बाया आईनं शिकवलेला एकच उखाणा जन्मभर घासत, साळूबाई दर वेळी नवा काढी. ती उठली की बायका पोरांना गप्प करत. सगळं गाव आपलं बोलणं ऐकतंय, हे सुख तिला तेवढ्या दोन ओळींपुरतंच मिळे, आणि त्यावर ती पुढचा उखाणा येईस्तोवर दिवस काढी.

हंबीररावांना याचा फार अभिमान होता. नाव त्यांचं होतं ना! "गावोगाव माझं नाव घेत्यात," असं ते उंब्रजच्या बाजारात सांगत. रचणारी कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. उलट ते सूचना करीत. "पुढच्या बारीला तोफ घाल जरा. मिसर घाल." साळूबाई मान डोलवी आणि उखाण्यात जवारीच घाली.

सत्तेचाळीसच्या थंडीत कोल्हापूरची एक फिल्म कंपनी गावात आली. नदीचा घाट आणि पाटलाचं दार त्यांना बोलपटात हवं होतं. कंपनीबरोबर गंगाधरपंत नावाचे लेखक होते. चष्मा, धोतर, खांद्यावर शाल. "आमचं चित्र स्त्रीस्वातंत्र्यावर आहे," असं त्यांनी चावडीत पुरुषांना समजावून सांगितलं. बायकांना सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

लग्नाचा देखावा होता. गावच्या बाया नटवून दारात उभ्या केल्या. नवरी झालेल्या नटीनं उंबऱ्यावर उखाणा घ्यायचा होता. पंतांनी लिहिलेला उखाणा तिनं म्हटला:

"नीलनभी विराजे शीतल शशांक, चंद्रसेनांच्या चरणी वाहते आत्मसुमन निःशंक."

दारातल्या बायांनी तोंडात पदर कोंबले. पाटलीण बयाबाई, वयानं सगळ्यांत वडील, तिला तर आवरेचना. "आवं पंत, ह्यो लगनात म्हणायचा का तेराव्याला?"

पंतांचा चष्मा घसरला. मग बायकांनीच साळूबाईला पुढं ढकललं. तिनं खाली बघत, जागच्या जागी रचून म्हटलं:

"जात्यात जवारी, सुपात गहू, हंबीररावांचं नाव घेते, दार अडवून नका राहू."

पंतांनी तो लगेच टिपून घेतला. साळूबाईला नारळ आणि खण मिळाला, हंबीररावांना पंतांशी हस्तांदोलन मिळालं. "तुमच्या कुटुंबाचा उखाणा आता सगळा महाराष्ट्र ऐकणार," पंत म्हणाले. हंबीररावांनी त्यातलं आपल्यापुरतं तेवढं ऐकलं, की सगळा महाराष्ट्र आता त्यांचं नाव ऐकणार. इस्लामपूरच्या बहिणीला निरोप गेला. कराडच्या सोयऱ्यांना गेला. "बोलपटात नाव आलंय माजं," असं सांगत ते वर्षभर हिंडले.

पुढच्या साली उंब्रजच्या जत्रेत तंबूत तो बोलपट आला. अख्खं गाव बैलगाड्या जुंपून दिवेलागणीला तंबूत हजर झालं. मध्ये दोर बांधलेला, इकडं बाया, तिकडं बाप्ये. हंबीरराव पलटणीचा कोट घालून सगळ्यांत पुढं बसले. चित्र खरोखरच स्त्रीस्वातंत्र्यावर होतं. नायक नायिकेला फक्त एकदाच थोबाडीत मारतो, तेही तिच्या भल्यासाठी, आणि तेवढ्यानं ती सुधारते. पुरुषांनी तिथं टाळ्या वाजवल्या.

मग लग्न आलं. पाटलाचं दार दिसताच गाव ओरडलं. हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. पडद्यावरच्या नटीनं लाजत म्हटलं:

"जात्यात जवारी, सुपात गहू, चंद्रसेनांचं नाव घेते, दार अडवून नका राहू."

बायांनी साळूबाईकडं माना वळवल्या. आणि हरिबा म्हातारा, ज्याला कुठं काय बोलावं हे कधीच कळलं नाही, मोठ्यानं म्हणाला, "हवालदार, ह्यो चंद्रसेन कोन रं? तुमची मंडळी तर त्याचं नाव घ्याया लागली की!"

गाव हसलं. नटी वेगळी, गोष्ट वेगळी, नायकाचं नाव पंतांनी ठेवलेलं, हे काही कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण उखाणा साळूबाईचा होता, हे सगळ्यांना पाठ होतं. आणि ज्या बाईचा उखाणा, तिच्याच नवऱ्याचं नाव त्यात असायचं, यापलीकडं त्या गावचा हिशोब जात नव्हता. हंबीररावांचाही जात नव्हता. त्यांच्या बायकोनं चारचौघांत, तंबूभर माणसांसमोर, परक्याचं नाव घेतलं होतं.

घरी आल्यावर पट्टा उतरला. त्या रात्री बकलाकडच्या बाजूनं उतरला. साळूबाई ओरडली नाही, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. शेजारी त्या रात्री फारच मोठ्यानं बोलले. हे लिहायलाही नको वाटतं, पण झालं ते असं झालं. शेवटी हंबीरराव धापा टाकत म्हणाले, "आजपास्नं उखाना बंद. पुन्यांदा चार मान्सांत तोंड उघडशील तर बघ."

पाठ महिन्याभरात भरून आली. ती सवयीची होती. पण तोंड बंद झालं ते साळूबाईला सोसवेना. बारसं झालं, ती गेली नाही. लग्न झालं, ती ताटं घासायला मागं बसली. जात्यावर बसली की ओळी आपोआप येत आणि त्यांना जायला जागा नसे. मात्र तंबूतली एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. नाव बदललं, पण ओळी तशाच राहिल्या. हंबीरराव काढून चंद्रसेन घातला तरी जवारी जात्यात होती, गहू सुपात होता, आणि गावानं उखाणा ओळखला तो ओळींवरनं. म्हणजे नाव कुणाचंही बसतं. ओळी तेवढ्या आपल्या. एवढा शोध लावायला तिला वीस वर्षं संसार आणि एक बोलपट लागला.

चैत्रात पाटलाच्या सुनेचं ओटीभरण निघालं. बायका माजघरात, बाप्ये बाहेर ओट्यावर पान खात बसलेले. एकेकीनं नाव घेतलं. साळूबाईची पाळी आली तशी ती उठून चालू लागली. बयाबाईनं तिचा पदर धरला.

"नाव न घेता जातीस? पोटुशी पोर म्होरं बसलीया. सवाशिणीनं नाव गिळलं तर अपशकुन हाय."

"मालकांचा हुकूम न्हाई, आत्याबाई."

ही गोष्ट अपशकुनावर आली म्हटल्यावर सयाजी पाटलांनी ओट्यावरून हंबीररावांकडं बघितलं. पाटलांच्या नातवाचा प्रश्न होता. हंबीरराव खाकरले आणि दाराकडं तोंड करून ओरडले, "घे गं नाव! पर माजंच घे! दुसऱ्या कुनाचं घेशील तर बघ!"

"व्हय," साळूबाई म्हणाली.

ती मधोमध येऊन उभी राहिली. 

"खुंटीवरचा पट्टा, पाठीवर वळ, हंबीररावांचं नाव घेते, अजून अंगात हाय बळ."

ओट्यावर पानाचा डबा फिरत होता तो थांबला. हुकूम तंतोतंत पाळला गेला होता, नावात कानामात्रेचा फरक नव्हता. हंबीररावांना रागवायला काही सापडेना.

आणि मग बयाबाई पाटलीण उठली. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. "चांगला हाय उखाना," ती म्हणाली, "माज्या तोंडात बसतोय."

"खुंटीवरचा आसूड, पाठीवर वळ, सयाजीरावांचं नाव घेते, अजून अंगात हाय बळ."

बाहेर पाटलांच्या गालात पान तसंच राहिलं. साठी ओलांडलेला माणूस, गावाचे तंटे मिटवणारा. त्यांनी मान खाली घालून फेट्याचा शेमला नीट करायला घेतला.

हरिबाला मात्र मजा वाटत होती. खो-खो हसत तो आता घरी जाऊन सगळ्यांना सांगायला उठला आणि वहाण पायात घालू लागला. तेवढ्यात आतून त्याच्याच बायकोचा, बनुबाईचा, बारीक आवाज आला:

"पायातली वहाण, गालावर वळ, हरिबाचं नाव घेते, अजून अंगात हाय बळ."

हरिबानं वहाण पायातून काढली आणि तो अनवाणीच गेला. आत एकामागून एक नाव निघत होतं आणि ओट्यावर ज्याचं निघालं तो उठत होता. ज्यांचं निघायचं होतं ते आधीच उठले. ओटीभरण संपेस्तोवर ओट्यावर फक्त पानाचा डबा उरला.

दुसऱ्या दिवशी बनुबाई तांदूळ निवडायला साळूबाईच्या सोप्यात येऊन बसली. मागोमाग बयाबाई आली, आणखी दोघी आल्या. सगळ्या तांदूळ पाखडत बसल्या. बरोबर खुंटीखाली. हंबीरराव आत आले, बाहेर गेले, परत आले. शेवटी त्यांनी पट्टा उतरवला. बायकांचे हात थांबले. हंबीरराव भिंतीकडं बघत म्हणाले, "टांगून ऱ्हायला की चामडं कडक व्हतंय," आणि त्यांनी तो धोतरावरून कमरेला बांधला.

तेव्हापासून पट्टा त्यांच्या कमरेलाच राहिला. धोतरावर पितळी बकल घालून फिरणारा माणूस बघायला पोरं मागं लागत, बाजारात लोक वळून बघत. पण तो पुन्हा खुंटीवर टांगायची हिंमत त्यांना झाली नाही. कारण रिकामी खुंटी बघायला कुणी ना कुणी बाई रोज येतच होती.

उखाणा कराडपर्यंत गेला, इस्लामपुरात गेला. नव्या नवऱ्या तो "साळूबाईचा उखाणा" म्हणून शिकून घेत. एकदा बनुबाई म्हणाली, "साळू, आता पट्टा हितं न्हाई. वळबी न्हाई. मंग उखाना बदलाया नगो का?"

साळूबाईनं जात्यात मूठभर जवारी टाकली.

"ऱ्हाऊ दे तसाच," ती म्हणाली. "खुंटी हाय की अजून."