दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नसत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं मानत. कुणाचा मामा, कुठली वाट, हे विचारायचं नाही. गोष्टी दिवेलागणीनंतर, भांडी घासून झाल्यावर. दिवसा पोरं गोष्टी ऐकत बसली तर कामं कोण करणार, म्हणून कुणीतरी हे काढलं असणार, असं मला आता वाटतं. पण हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं, आणि आईला ते कधीच पटलं नाही.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, लहानसं. थोडी ज्वारी, थोडी कपाशी. घरात आई, वडील, मी, माझा धाकटा भाऊ आणि मामा. आजोळी कुणी उरलं नव्हतं, म्हणून आईने आपल्या या भावाला लग्नानंतर आमच्याकडेच आणून वाढवलं होतं. मामा अंगाने आडदांड आणि काळजाने चिमणी. विहिरीत डोकवायला भ्यायचा, मारक्या बैलाला भ्यायचा, माझ्या वडिलांनी नुसतं खाकरलं तरी उठून उभा राहायचा. पण त्याची सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. गावातलं कुणीही त्याला फुकट राबवून घ्यायचं, आणि मग आई कडाकडा भांडून त्याला सोडवून आणायची.

लढाईच्या दिवसांत एका उन्हाळ्यात माझ्या पोटरीत नारू झाला. बारवेच्या पाण्यातून तो आमच्या भागात घरोघरी व्हायचा. दोऱ्यासारखा जंत कातडीतून बाहेर येतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा ओढायचा आणि तुटू द्यायचा नाही. तुटला तर पाय सडायची भीती. मला हलायची बंदी होती, आणि मी काही एका जागी बसणारी पोर नव्हते. मामा माझा पाय धरून बसायचा. एका दुपारी मी फारच रडायला लागले तेव्हा त्याने गोष्ट सुरू केली.

आई परसातून तशीच आत आली. "आरं, दिवसाढवळ्या गोष्टी काय सांगतूस?"

"आक्का, मामा तर हितंच बसलाय," तो म्हणाला. "वाट चुकायला आदी वाटंला लागावं लागतं."

आईला हसू आलं आणि ती परत कामाला लागली. म्हणून त्या उन्हाळ्यात मला दिवसा गोष्ट मिळाली. सगळ्या गावात मी एकटीच तशी भाग्यवान.

गोष्ट अशी होती. एका गावच्या विहिरीचं सगळं पाणी एक राक्षस पिऊन गेला. पाणी परत आणायला कोण जाणार, म्हणून गाव गोळा झालं. सगळ्यांनी बोट दाखवलं ते जोंधळ्याची राखण करणाऱ्या एका माणसाकडे. तो इतका भित्रा, की पाखरंच त्याला हाकलायची. जायला त्याची पाचावर धारण बसली, पण एवढ्या लोकांना नाही म्हणायची त्याला त्याहून भीती वाटली. म्हणून तो निघाला. वाटेत नदी लागली. नदी म्हणाली, तुझी भीती सांग, मग वाट देते. हा सांगायला लागला. विंचवाची वाटते, सासऱ्याची वाटते, अंधाराची, वळूची, उचकी लागली तर त्याचीसुद्धा. सांगता सांगता इतका वेळ गेला की वाट बघून नदी आटून गेली, आणि हा कोरड्या पायाने पलीकडे गेला. मी हसायचे, आणि मामा दटावायचा, "हसू नगं, नारू तुटंल." रात्री तीच मी भावाला सांगायचे. नारू निघाला तोवर त्याचा माणूस राक्षसाच्या दाराशी पोचला होता.

दारातून आत तो काही गेला नाही. कारण मध्येच मामा गेला. शेवगावच्या बाजारात भरतीवाले आले होते. मामा बाजाराला गेला होता मीठ आणायला. कुणीतरी त्याच्या छातीवर थाप मारून म्हणालं, असा गडी पाहिजे, आणि याला नाही म्हणता आलं नाही. मीठ त्याने शेजाऱ्याबरोबर पाठवलं. आई दुसऱ्या दिवशी भांडायला शेवगावला गेली, पण या वेळी तिला त्याला सोडवता आलं नाही. वर्षभराने कळलं की त्याला ब्रह्मदेशाकडे धाडलंय. त्या दिवसापासून आईने घरात नेम केला. दिवस मावळेपर्यंत कुणी गोष्ट काढायची नाही. शेजारच्या पोरींनासुद्धा ती हाकलून द्यायची. तिच्या हातात दुसरं काय होतं?

त्याच हिवाळ्यात माझा भाऊ मुदतीच्या तापाने पडला. वैद्य म्हणाले, ताप आपल्या मुदतीनेच उतरेल, तोवर पोटात पेज जात राहिली पाहिजे, नाहीतर पोर टिकणार नाही. भावाने तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. आईने लाडीगोडी केली, वडिलांनी दरडावलं, मी नाक दाबून पाहिलं. संध्याकाळी ताप चढला की तो बरळायचा, त्याला कुणाची ओळख नसे. शुद्धीवर असायचा तो सकाळचा थोडा वेळ. त्याचे पाय काटक्यांसारखे झाले होते. एका सकाळी तो मला म्हणाला, "मामाचा मानूस राक्षसाच्या घरात गेला का?"

मी म्हटलं, "रातच्याला सांगते."

"रातच्याला मला आयकू येत न्हाई," तो म्हणाला.

आई पेजेची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण एकीकडे भाऊ आणि एकीकडे पोर, हे तिच्या तोंडावर मला बघायचं नव्हतं. वडील गोठ्यात होते, त्यांना हाक मारता आली असती. पण तिने कुणाला विचारलं नाही. ती आत आली, माझ्याजवळ बसली, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सांग त्याला."

"आई, मामा..."

"सांग म्हनते ना."

मी सांगितली. पुढची गोष्ट मला ठाऊकच नव्हती, ती मी करत गेले. राक्षसाच्या घराला मी खोल्यांमागून खोल्या लावल्या, आणि दर उंबऱ्याला भावाने एक घोट घ्यायचा असं ठरवलं. घोट घेतला नाही तर माणूस उंबऱ्यातच अडून राहणार. मामाच्या गोष्टीत तो माणूस घाबरून सुटायचा, आणि म्हणून हसू यायचं. माझ्या गोष्टीत सुटायला जागा नव्हती. तो घाबरलेला असायचा आणि तरी आत जायचा. भाऊ विचारायचा, "आता माघारी फिरंल का?" मी म्हणायचे, नाही, आणि पेज पुढे करायचे. आई कोपऱ्यात पाठ करून बसलेली असायची. ती सगळं ऐकत होती.

शेवटच्या खोलीत राक्षस निजला होता, त्याच्या पोटात पाणी डुचमळत होतं. माणसाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्याने राक्षसाला हलवून उठवलं आणि म्हणाला, भिऊन भिऊन माझ्या तोंडाला कोरड पडली आहे, घोटभर पाणी दे. राक्षसाकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. 'देतो' म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि सगळं पाणी भळभळा बाहेर पडून गावाकडे धावत सुटलं. त्या दिवशी भावाने वाटी संपवली. ताप पुढे मुदतीने उतरला. भाऊ भाकरी खायला लागला, पोरांत खेळायला लागला, आणि गोष्ट तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी तालुक्याहून शिपाई आला. मामाचं नाव घेऊन त्याने घर विचारलं आणि वडिलांना सांगितलं, बेपत्ता आहे.

आई पुढे आली. "बेपत्ता म्हंजी? मेला का?"

"तसं न्हाई बाई. मेल्याचं काई कळलं न्हाई. तिकडं लई जंगल हाय म्हनत्यात. वाट चुकला आसंल."

त्या बिचाऱ्याने धीर द्यायला म्हटलं. आईने त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि तो गेल्यावर ती भाकरी थापायला बसली. वडील म्हणाले, असे कितीतरी परत येतात. ती हो म्हणाली. मला ती एका शब्दाने बोलली नाही, भावाला तर तिने जन्मात काही कळू दिलं नाही. तिने बोलायला हवं होतं, मला मारायला हवं होतं, असं मला वाटायचं. मारलं असतं तर मी निदान रडले असते. ती भावाला जेवताना बघायची, आणि बघता बघता तोंड फिरवून घ्यायची. एवढंच मी पाहिलं, आणि तेवढं मला जन्माला पुरलं.

लढाई संपली. आसपासच्या गावांतले कुणी कुणी परत आले. आई प्रत्येकाकडे जाऊन विचारून आली. मग तिने जाणं सोडलं.

एकदा भर दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बोंडांतून कापूस काढत बसलो होतो. भाऊ शाळेत, वडील रानात. आई मध्येच म्हणाली, "त्यो मानूस तितंच ऱ्हायला ना गं?"

कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "व्हय. पानी तेवडं आलं."

"त्याला घरी आन."

मी उन्हाकडे बघितलं. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "आता कोन चुकायचं ऱ्हायलंय?"

मी त्याला आणायला निघाले. खोल्या ओलांडून राक्षसाच्या घरातून बाहेर काढलं, नदीवर आणलं. नदीने विचारलं, आता भीती कसली वाटते? तो म्हणाला, घरची माणसं मला ओळखतील का, एवढीच वाटते. नदीने वाट दिली. शेतांमधल्या पांदीने तो गावात शिरला, विहीर काठोकाठ भरलेली बघितली, आणि दारात येऊन उभा राहिला.

"आत आला का?" आई म्हणाली.

"आला."

"घरात कोन हुतं?"

"त्याची बहीन हुती."

आईने कापसाचे हात पदराला पुसले. "ती काय म्हनली त्याला?"

मी एक बोंड उचलून सोलायला घेतलं. मग आईच म्हणाली, "ती म्हनली, पोरगं तापलं हुतं रं," आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.