कोपऱ्याची मिशी

आमच्या कोपऱ्याला तुम्ही शेकडो गाण्यांत पाहिलंय, आणि एकदाही पाहिलेलं नाही. हिंदी सिनेमात हिरोच्या मागे जी पलटण नाचते, तिच्या शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, तो उभं आयुष्य नाचला. म्हणून नाव पडलं कोपरा. बायको रागावली की तीही त्याला 'कोपरे' म्हणते. लाडात आली की काय म्हणते तेही मला ठाऊक आहे, पण शिंप्यानं सगळंच उसवू नये.

मी त्याच स्टुडिओतला कपडेपटाचा शिंपी. कोपऱ्याचे गुडघे गेले, काम सुटलं, तरी रोज माझ्या मशीनपाशी येऊन बसायचा. दुखणं एकच, नात. मुलगा परदेशात, नात तिकडेच जन्मलेली. फोनवर आजोबा दिसले की पोरगी पाठ फिरवून पळायची.

"बाबा, तिला त्या बाहुल्यांशिवाय काही सुचत नाही," मुलगा सांगायचा. "इथं सगळं घर बसून बघतं तो कार्यक्रम."

आणि योग बघा, तोच कार्यक्रम आमच्या स्टुडिओत उतरला. त्या कापडी बाहुल्या दर भागात नव्या देशी जातात, या वेळी 'बॉलिवूड'मध्ये. गोष्ट त्यांच्यातल्या कापडी शेळीच्या लग्नाची. शेळीचा होणारा सासरा चिडतो, सगळे रडतात आणि रडता रडता एकदम नाचायला लागतात, कारण आपण घरी असंच करतो अशी त्या मंडळींची प्रामाणिक समजूत. एका हातानं हवेतला बल्ब फिरवायचा, दुसऱ्यानं नसलेल्या कुत्र्याला थोपटायचं, त्यांच्या मते झाला नाच.

कोपरा तांबडालाल झाला. "एकेका गाण्यासाठी आमचे तळवे सोलून निघायचे. बल्ब कोण फिरवत होतं रे?"

"तू फिरवशील," मी म्हटलं. "नात बघणार असेल तर ट्यूबलाइटसुद्धा बसवशील."

गेला आणि कार्यक्रमाच्या परदेशी दिग्दर्शिकेपुढे हात जोडून उभा राहिला. तिला चेहरा आवडला. सासऱ्याचं काम, कॅमेऱ्यासमोर, शेळीच्या शेजारी. त्या दिवशी कोपऱ्यानं केस असे काळे केले की उशीसुद्धा तरुण झाली.

शूटिंग सुरू झालं. तालावर शेळीनं हात पसरला आणि कोपरा सर्रकन मागे गेला. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे. मागच्या रांगेचा पहिला धडाच तो. हिरोनं हात पसरला की त्याच्या उजेडातून निघायचं, नाहीतर डान्स मास्तर उद्यापासून घरी बसवतो.

"अरे, हिरो कुठाय इथं?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "चिंधी आहे ती. पोटात माणसाचा हात आहे."

"मला कळतंय," तो म्हणाला. घामानं केसांचा काळा रंग कानावर उतरला होता. "पायांना कळत नाही."

उभं राहायच्या जागी खडूनं खूण केली, ती मागे सरकताना त्याच्याच पायानं पुसली गेली. शेवटी मी त्याच्या कोटाचं टोक सेटच्या खांबाला टाचलं. खांब घेऊन मागे गेला. सगळे हसले, मीही हसलो. तो मात्र दिग्दर्शिकेला म्हणत होता, "एकदाच, बाई. पाय बांधा माझे." तिला भाषा कळली नाही, पण तिनं मान खाली घातली.

मग सासराही बाहुलाच झाला, झुपकेदार मिशीचा. मिशी मीच शिवली. त्या बाहुल्यात हात घालणाऱ्याला खांदे कसे उडवायचे, भुवई कशी चढवायची, हे कोपऱ्यानं स्टुलावर बसून शिकवलं. भाग लागला तेव्हा मी पाहिलं, बाहुला हुबेहूब कोपरा होता. चेहरा तेवढा त्याचा नव्हता.

मुलानं तिकडे मायेपोटी त्या बाहुल्याकडे बोट दाखवून लेकीला सांगितलं, "हे तुझे आजोबा."

पोरगी पहिल्यांदा आपणहून फोनकडे धावली. समोर कोपरा, गुळगुळीत दाढी केलेला, नवा शर्ट. तिनं बघितलं, बापाला काहीतरी विचारलं आणि गेली.

"काय म्हणाली?" कोपऱ्यानं विचारलं. मुलगा सांगेना. वहिनींनीच खनपटीला बसून काढून घेतलं. म्हणाली होती, हे आजोबा नाहीत, ते कुठायत?

दुसऱ्या दिवशी कोपरा माझ्याकडे आला. "मिशी हवी."

"या वयात? वहिनींना विचारलंस का?"

"तिनंच पाठवलंय. तसलीच शिव. अगदी तसलीच."

एवढी वर्षं मी त्याला चिडवत आलोय, पण त्या दिवशी आधी सुईत दोरा ओवला. मिशी शिवली आणि त्याच्या घरी जाऊन मीच डिंकानं चिकटवली.

फोन लागला. पोरगी आली, थबकली, मग हसली. कोपऱ्यानं खांदे उडवले, भुवई चढवली. तिनं हात वर करून बल्ब फिरवला. त्यानंही फिरवला. तो थांबला की ती आणखी मागायची, आणि तो गुडघ्यावर हात दाबून पुन्हा उभा राहायचा. वहिनी खुर्ची मागे धरून उभ्या होत्या.

मग पोरीनं काहीतरी विचारलं. मुलगा पलीकडून म्हणाला, "बाबा, नाव विचारतेय तुमचं." आणि हळूच पुढे म्हणाला, "खरं सांगा हवं तर."

कोपऱ्यानं मिशीवर बोट दाबून धरलं आणि त्या बाहुल्याचं नाव सांगितलं.